बरणीतला घामाचा थेंब

आमच्या वहिनीला धक्क्यावर सगळे बादलीबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि ती ओ देते. सकाळी पहिल्या फेरीआधी, दुपारी उतारू नसतात तेव्हा आणि संध्याकाळी दोर बांधल्यावर ती लाँच धुते. दोरीची बादली नदीत टाकायची, मनगटाला एक हिसका द्यायचा, भरली की ओढून डेकवर उलटी करायची. मग खराटा. मी दुसऱ्याच्या कामाला सहसा चांगलं म्हणत नाही. पण तो हिसका पाहण्यासारखा आहे. बादली अर्धी कधी वर येत नाही.

लाँच माझ्या थोरल्या भावाची, दादाची. या काठावरची माणसं, सायकली आणि भाजीच्या टोपल्या त्या काठावर नेण्यात त्याचा जन्म गेला. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा पाण्याला भ्यायची. पहिल्याच फेरीत तिला मळमळलं आणि सगळं दादाच्या नव्या बुटांवर गेलं. "बूट घालून कोणी बोटीवर येतं का?" असं वर त्यालाच ऐकवलं. पुढे ती तिकिटं फाडायला लागली, मग दोर टाकायला, मग दादा जेवत असला की सुकाणू धरायला. तो सावकाश जेवायचा. तिचं शिक्षण त्याच्या जेवणाच्या वेळात झालं.

दादा गेला तेव्हा सगळे म्हणाले, लाँच विका. सगळ्यात मोठ्याने मी म्हणालो. वहिनीने ऐकून घेतलं आणि परवान्याच्या परीक्षेला जाऊन बसली. परीक्षा घेणारे साहेब लाँचच्या फळीवर बसून राहिले होते. तिने लाँच इतकी अलगद धक्क्याला लावली की त्यांना कळलंच नाही. "साहेब, उतरता की परत नेऊ?" असं तिने विचारलं म्हणतात. मी तिथे नव्हतो. मी घरी बसून ती नापास कशी होईल हे बायकोला समजावत होतो.

धुण्याचं वेड तेव्हापासूनचं. बाईची लाँच म्हणजे कळकट असणार, असं कोणीतरी म्हणालं होतं. कोण ते तिने कधी सांगितलं नाही. मीच असेन.

मी बोटींच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये फिटर होतो. इंजिन उघडणं, साफ करणं, बसवणं. हाताला डिझेलचा वास लागला तो निवृत्तीनंतरही गेला नाही. बायको म्हणते, तुमच्या हातची पोळी खाल्ली तर मीही सुरू होईन. मला स्वतःला तो हाताचा वास म्हणून कळत नाही. फार वर्षं नाकाशी राहिलेला वास नाक वेगळा मोजत नाही.

डोळ्यांचंही सांगून टाकतो. डॉक्टर म्हणाला, दोन्हीकडे मोतीबिंदू आहे, काढून टाका. मी म्हणालो, पिकू द्या. मला दिसत होतं. फक्त माझे पांढरे सदरे घरात पिवळे पडायला लागले होते. मी बायकोला साबण बदलायला लावला. मग धुण्याची बादली बदलायला लावली. मग ती म्हणाली, "आता तुम्ही डोळे बदला." मी तीन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिला ते चौथ्या दिवशी कळलं.

तशीच लाँचच्या रंगावरून वहिनीशी जुंपली. दादाची लाँच निळी. वहिनीने तिला नवा रंग दिला. मी धक्क्यावर उभा राहून चारचौघांत म्हणालो, "दादाची निळी लाँच हिरवी करून टाकलीस."

"भाऊजी, निळीच आहे."

"मला रंग कळत नाही?"

"कळतो हो. दिसत नाही."

लोक हसले. मी मुद्दा सोडला नाही. हिरव्याला हिरवं म्हणायला मी कोणाला घाबरत नाही.

आणि मग लाँच बंद पडायला लागली.

धक्क्यावर काही नाही. काठाकाठाने गेली तरी काही नाही. नदीच्या मध्यावर, जिथे वाळूच्या मोठ्या बोटी जातात आणि त्यांच्या लाटेने लाँच डुलते, तिथे इंजिन खोकायचं, गचके द्यायचं आणि गप्प बसायचं. पहिल्यांदा झालं तेव्हा वहिनीने नांगर टाकला आणि उतारूंना गाणी म्हणायला लावली. दुसऱ्यांदा कोणी गायलं नाही. एक बाई आजारी नवऱ्याला दवाखान्यात नेत होती, ती रडायला लागली. धक्क्याच्या साहेबांनी वहिनीला बोलावून सांगितलं, "बाई, पुन्हा एकदा मध्ये थांबलीत तर परवाना काढून घ्यावा लागेल. माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे." साहेब वाईट नव्हते. बरोबरच बोलत होते. म्हणून तर वहिनी घाबरली.

संध्याकाळी ती घरी आली. आमच्या स्वयंपाकघरात ती कधी बसत नाही, उभ्याउभ्या बोलते. त्या दिवशी बसली.

"भाऊजी, लाँच गेली तर मी काय करू?"

"बसून खा."

"मला बसता येतं का? तुम्ही बघितलंय कधी?"

"आता बसलीच आहेस की," बायको म्हणाली.

"हो ना जाऊबाई, तेच तर म्हणते. बघा कशी दिसते."

खरंच बरी दिसत नव्हती. मी हत्यारांची पेटी काढली.

इंजिन खोकलं की पहिला संशय डिझेलवर घ्यायचा. डिझेलमध्ये पाणी असेल तर ते जड म्हणून टाकीच्या तळाशी बसतं. टाकीच्या बुडाला एक छोटा नळ असतो. त्यातून काचेच्या बरणीत थोडं काढायचं आणि निवांत ठेवायचं. पाणी असेल तर खाली पाणी, वर डिझेल आणि मध्ये स्वच्छ रेषा. रेषा नाही, तर पाणी नाही. हे मी शेडमध्ये किती पोरांना शिकवलं असेल! चुकणाऱ्याला पाना फेकून मारला आहे. पाना नेम धरून बाजूला मारायचो, एवढी दया होती.

मी इंजिनाच्या खोलीत उतरलो. खोली म्हणजे डेकखालचं खोकं. त्यात माणूस घडी घालून जातो आणि घडी घालूनच बाहेर येतो. नळाखाली बरणी धरली. भरली. दिव्यासमोर धरून पाहिली. सगळी एकसारखी, पिवळसर, नितळ. वास घेतला. डिझेल. बोटांवर चोळून पाहिलं. बुळबुळीत. अर्धा तास ठेवली. रेषा नाही. फिल्टरच्या लोखंडी कपातलं काढलं, तेही तसंच.

"डिझेल एक नंबर आहे," मी वर ओरडून सांगितलं. "नोझल बघावे लागतील."

नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी तोंडं, काढणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्याला विचारा. मी ते काढले, साफ केले, बसवले, पाइपांतली हवा काढली. पाठ मोडली. इंजिन सुरू झालं ते शिवणयंत्रासारखं. वहिनीने दोन दिवस फेऱ्या केल्या. मी दोन दिवस धक्क्यावर हात मागे बांधून फिरलो. चहावाल्याला सांगितलं, हल्लीची पोरं नोझलला हात लावायला घाबरतात.

तिसऱ्या दिवशी इंजिन पुन्हा खोकलं. वहिनीने हुशारीने लाँच काठाकडे वळवली म्हणून थांबली ती धक्क्याजवळ. साहेब नेमके कचेरीत होते, त्यांनी पाहिलं नाही.

पुन्हा बरणी. पुन्हा नितळ. पुन्हा रेषा नाही. मी पंप उतरवला. पंप उतरवायला दोन माणसं लागतात. मी एकट्याने उतरवला, कारण दुसरा माणूस काम नीट करत नाही. बसवला, फिल्टर साफ केला, हवा काढली. लाँच पुन्हा दोन दिवस चालली. पुन्हा खोकली, वहिनीने पुन्हा कशीबशी काठाला आणली.

आता कळतं काय होत होतं. मी दर वेळी टाकीच्या तळातून बरणीभर आणि फिल्टरमधलं सगळं काढून टाकत होतो. त्यावर लाँच दोन दिवस जगत होती. श्रेय मी नोझलला आणि पंपाला देत होतो. जे काम काही न करता झालं त्याच्याकडे मी बघितलंही नाही. ज्यात पाठ मोडली तेच खरं काम, असा माझा हिशोब.

शेवटी मी निकाल दिला. स्वयंपाकघरातच.

"इंजिन संपलं, वहिनी. आतून झिजलंय. उघडून बसण्यात अर्थ नाही. भंगारवाल्याला बोलाव."

"नक्की?"

"मी सांगतोय ना!"

माझ्या शब्दाला धक्क्यावर वजन होतं. मी संपलं म्हणालो की त्या इंजिनाला दुसरा कोणी हात लावत नसे. वहिनीला ते माहीत होतं. भंगारवाल्याला निरोप गेला.

तो यायच्या सकाळी मी हत्यारं आणायला लाँचवर गेलो. वहिनी डेक धूत होती.

"भंगारात जाणारी लाँच कशाला धुतेस?"

"जाताना स्वच्छ जाऊ दे."

तिने बादली उलटी केली. पाणी डेकवरून पसरत गेलं, डिझेल भरायच्या झाकणावरून, माझ्या चपलांवरून.

"भाऊजी, तो येईपर्यंत एकदा शेवटचं बघता का?"

"काय बघू? सगळं बघून झालंय."

"तेच बघा. मला दाखवून बघा. दर वेळी तुम्ही एकटेच खाली बसता. मी वर नुसती ऐकते."

मी घडी घालून उतरलो. ती दारात ओणवी झाली, बॅटरी धरून. मी तिला शिकवायला लागलो. हा नळ. ही बरणी. पाणी जड, डिझेल हलकं. मध्ये रेषा येते. बघ, आहे का रेषा? नाही. आत उकाडा होता. मी बरणीवर वाकलो होतो, कपाळावरून घाम ओघळत होता. एक थेंब नाकाच्या टोकावर आला, थांबला आणि टपकन बरणीत पडला.

"बघितलंस?" मी म्हणालो. "एकसारखं आहे. रेषा नाही."

वहिनीची बॅटरी बरणीवरच.

"भाऊजी, तुमचा घाम कुठे गेला?"

"काय?"

"आत्ता घाम पडला ना आत? तो कुठे गेला?"

"जाईल कुठे? पडला आत."

"दिसत का नाही मग? हे पाण्यात बोट बुडवून बरणीत एक थेंब टाकायचे." हे म्हणजे दादा. "पाण्याचा. त्याची गोळी व्हायची, मोत्यासारखी. तळाशी जाऊन लोळायची. मला बोलवून दाखवायचे, बघ मोती. मला वाटायचं खेळतात. तुमचा मोती कुठे आहे?"

दादाची ती सवय मला माहीत होती. मी त्याला हसायचो. "दादा, डिझेलला औषध पाजतोस का?" असं विचारायचो. तो नुसतं बोट पुसायचा. मला वाटायचं, लाँच चालवणाऱ्याला यंत्राचं काय कळणार.

"शक्य नाही," मी म्हणालो. "पाणी असतं तर रेषा दिसली असती."

"सगळंच पाणी असेल तर रेषा कुठून येणार?"

शेडमध्ये मी जो पाना बाजूला मारायचो, तो परत येऊन कपाळावर बसल्यासारखं झालं.

"पण हे पिवळं आहे," मी म्हणालो.

"कुठे पिवळं?"

"हे काय!"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मग बरणीकडे. मग पुन्हा माझ्याकडे, नीट.

"भाऊजी, माझी लाँच कुठल्या रंगाची आहे?"

मी बरणी पुन्हा बॅटरीसमोर धरली.

तिने माझ्या हातातून बरणी घेतली आणि वर नेली. दादाच्या जुन्या डब्यात तळाला चांगलं डिझेल होतं, ते एका वाटीत काढलं. नदीच्या पाण्याचं बोट त्यात झटकलं. थेंबाची गोळी झाली, तळाशी गेली, वाटी हलवली तशी लोळली. तेवढं मलाही दिसलं. मग तेच बोट बरणीत झटकलं. थेंब गेला तो गेला. पाण्यात पाणी. तिने चिंधी बरणीत बुडवून काडी लावली. चिंधी फुसफुसली आणि काडी विझली.

"वास डिझेलचा येतो पण," मी म्हणालो.

"तुमच्या आंघोळीच्या पाण्यालाही येतो. जाऊबाई सांगतात."

नंतर मी तो नळ पूर्ण उघडला. खाली बादली ठेवली, मधूनमधून बरणी भरून बघत होतो. वहिनीची बादली. ती जवळजवळ भरली तेव्हा कुठे बरणीत मला रेषा दिसली, आयुष्यात एवढी सुंदर रेषा मी पाहिली नव्हती. मग रेषा खाली खाली गेली आणि नुसतं डिझेल आलं. प्रत्येक बरणीत वहिनी वरून थेंब टाकत होती. शेवटी मोती लोळला.

"बादलीभर पाणी टाकीत गेलं कुठून?" ती म्हणाली.

याचं उत्तर मला डोळ्यांशिवायही देता आलं. डेकवरच्या झाकणाची चकती फिरवून काढली. आतली रबरी रिंग चिरली होती, अर्धी नव्हतीच. दिवसभर बादल्या ओतल्या जातात त्या नेमक्या त्यावरून.

"ही रिंग दादा दर वर्षी बदलायचा. एक जास्तीची खिळ्याला अडकवलेली असायची, सुकाणूच्या वर. कुठे आहे?"

वहिनीने फळीखालून पिण्याच्या पाण्याचा कॅन ओढला. झाकण उघडलं. आत रिंग होती, घट्ट बसलेली.

"गळत होता," ती म्हणाली. "मला वाटलं, हे कशाला लटकवून ठेवलंय रिकामं."

"मग आता गळत नाही?"

"थेंब नाही गळत."

"म्हणजे पाणी ठेवायचं तिथे पक्कं आणि पाणी नको तिथे..."

"भाऊजी, तुम्ही पाण्याला डिझेल म्हणत होतात. माझ्यावर हसू नका."

आम्ही दोघं हसलो. ती आधी थांबली. रिंग हातात धरून तिने अंगठ्याने पुसली, दोनदा. मग मला दिली.

तेवढ्यात भंगारवाला आला. डोळ्यांनीच लाँचचं वजन करत धक्क्यावर उभा राहिला.

"मिस्त्री, इंजिन संपलं म्हणालात ना?"

"म्हणालो होतो."

"मग?"

"इंजिन ठीक आहे. मिस्त्री संपलाय. तो उचलायचा तर उचल."

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मान हलवली. वजन भरलं नसावं. वहिनीने त्याला कॅनमधलं पाणी पाजून वाटेला लावलं.

मी रिंग बसवली, नवा फिल्टर टाकला, हवा काढली. सगळं मिळून सकाळभराचं काम. नोझलपेक्षा कितीतरी हलकं. मला जरा वाईट वाटलं.

दुपारी वहिनी साहेबांकडे गेली आणि म्हणाली, तुम्ही स्वतः बसा, भरल्या लाँचमधून. मध्ये थांबली तर परवाना तिथेच काढून घ्या, मला परत यायचाही त्रास नको. साहेब आले. उतारूही आले, थोडे बिचकत. ती रडणारी बाईही होती, नवरा आता बरा होता. मी इंजिनाच्या दाराशी बसलो. वहिनीने बजावलं होतं, कशाला हात लावायचा नाही.

काठ सुटला. पाणी शांत होतं आणि शांत पाण्याचा मला काही उपयोग नव्हता. मध्यावर आलो तेव्हा वाळूची मोठी बोट गेली. तिची लाट येताना दिसली. लाँच एका अंगाला कलली, मग दुसऱ्या. सायकली घरंगळल्या. कोणी कोणाचा हात धरला. मी डोळे मिटले, नाहीतरी त्यांचा काय उपयोग होता. कान इंजिनावर. खोकला येतो तो याच क्षणी.

आला नाही. ठोका एकसारखा. लाट गेली, दुसरी आली, तीही गेली.

"भाऊजी," सुकाणूवरून आवाज आला. ती मागे वळली नव्हती. "श्वास घेतला तरी चालेल."

पलीकडचा काठ आला तो नेहमीसारखा, कळलाच नाही. साहेब बसून होते.

"साहेब, उतरता की परत नेऊ?"

"परत न्या," साहेब म्हणाले. "परवाना ठेवा. पण हे झालं होतं कशाने?"

मी सांगायला तोंड उघडलं. वहिनी आधी बोलली. "टाकीत पाणी होतं. मीच ओतलं. धुता धुता." माझ्या बरणीबद्दल एक शब्द नाही. धक्क्यावर माझी अब्रू शाबूत राहिली. म्हणून मग मीच चहावाल्याला सगळं सांगितलं. फुकट राहिलेली अब्रू मला पचत नाही. त्याने दुसऱ्या दिवशी मला चहा दिला आणि विचारलं, "मिस्त्री, बघून घ्या, चहाच आहे ना?"

आणि मी डोळे करून घेतले. आधी एक, मग दुसरा. पट्टी निघाली तेव्हा बायको समोर होती. तिचे केस एवढे पांढरे कधी झाले ते मला माहीत नव्हतं. मी काही बोललो नाही. माझे सदरेही पांढरे होते. त्याबद्दल तर मुळीच बोललो नाही. ती बोलली. अजून बोलते.

मग एक दिवस सकाळी धक्क्यावर गेलो. वहिनी धूत होती. आता डिझेलच्या झाकणावर एक पातेलं उपडं घालून धुते. मी उभा राहून लाँच पाहिली.

"काय बघताय एवढं?"

"काही नाही. रंग बरा दिलायस."

"कुठला?"

मी खाली पाहिलं. नदीकडे पाहिलं. ती खराटा टेकून उभी. तिला सकाळभर वेळ होता.

"दादाचा," मी म्हणालो.

तिने बरणी माझ्या हातात दिली आणि नळाकडे बोट दाखवलं. मी घडी घालून खाली उतरलो, बरणी भरली, बोट पाण्यात बुडवलं आणि वर ओरडलो, "वहिनी, मोती बघायला ये."